एमएस्सी जिऑलॉजीनंतर डेटा सायन्स: दोन्ही मिळून काही होतं का?

काळा_दगड
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

पुणे विद्यापीठातून जिऑलॉजीत एमएस्सी केलं. सध्या नाशकात एका छोट्या सल्लागाराकडे आहे. बोअरची जागा शोधायला जमिनीत करंट सोडून रेझिस्टिव्हिटी सर्व्हे, बिल्डर लोकांच्या पायाच्या खड्ड्यांचे रिपोर्ट, मधूनच एखाद्या खाणीचा नकाशा. काम आवडतं, पण पगार जागचा हलत नाही आणि पावसाळा लागला की ऑफिसात माशा मारायच्या. घरी "सॉफ्टवेअरला जा" सुरू झालंय.

कॉलेज रोडवरच्या एका क्लासने डेटा सायन्सच्या कोर्सची फी एक लाख साठ हजार सांगितली, हप्त्याने. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुमचं शिक्षण कशातलं आहे याने काही फरक पडत नाही." तिथेच अडलोय. फरक पडत नसेल तर पाच वर्षं दगड कशाला फोडले? आणि पडत असेल तर तो या क्लासात कोण शिकवणार?

भूशास्त्र, हवामान, माती-पाणी यातलं कुणी डेटाकडे वळलंय का? दोन्ही खरंच वापरता, की एक सोडून दुसरं धरलं? नाशकात राहून जमतं का?

शिळोप्या
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. जाणकार येतीलच.

सिडकोचा_राजा
जाणकार वगैरे नाही, पण हिंजवडीत मुलाखती घेतो म्हणून सरळ सांगतो. आमच्याकडे रेझ्युमे आला तर जिऑलॉजीची ओळ कुणी वाचत नाही. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) येतं का, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत स्वतःच्या डोक्याने काही लिहिलंय का, एवढंच बघतात. बँकेचं कर्ज कोण बुडवणार हे ओळखायला बेसाल्टचा काळा दगड लागत नाही. पगार हवा असेल तर दगड विसर, दोन वर्षं मान खाली घालून कोड लिही. कडू वाटेल, पण खरं आहे.

मृण्मयी_
राजा, तुमच्या कंपनीपुरतं खरं आहे. पण डेटाचं काम म्हणजे फक्त बँक नाही हो.

मी कृषी पदवीधर. सध्या उपग्रहाच्या चित्रांवरून पिकं ओळखणं, नुकसान मोजणं असं काम करते. घरूनच, गंगापूर रोडला बसून. आमच्या टीमने एकदा द्राक्षबागांचं मॉडेल केलं. पानांचा हिरवेपणा एकदम पडला की "बाग धोक्यात" असा इशारा द्यायचा. टीममध्ये पोरं हुशार, पण एकानेही बाग पाहिलेली नाही. ऑक्टोबरमध्ये निफाड-दिंडोरीचा नकाशा लालेलाल! निम्मा तालुका आजारी. कारण काय? गोडी छाटणी. सगळ्यांनी काड्या छाटल्या होत्या, हिरवं दिसणार कुठून? एप्रिलमध्ये खरड छाटणीला परत तेच झालं असतं. सटाण्याकडे अर्ली बागांवर प्लास्टिक टाकतात, त्याची आणखी वेगळी गंमत.

सेंटिनेल-२ उपग्रहाचं चित्र दर पाच दिवसांनी फुकट मिळतं आणि एक ठिपका दहा मीटरचा असतो. म्हणजे एकरभर बागेत साधारण चाळीस ठिपके, त्यातले कडेचे निम्मे अर्धे बांधावर आणि अर्धे शेजाऱ्याच्या कांद्यात. हे डोळ्यांसमोर यायला शेत माहीत असावं लागतं. फरक पडतो, दादा.

निफाडचा_द्राक्षवाला
ताई, छाटणीला रोग म्हणाले! सकाळी सकाळी हसून मेलो. म्हणूनच आमचे विम्याचे पैसे कुठे अडकतात ते कळलं.

काळा दगड साहेब, तुम्ही ते चार खुंट्या आणि वायरवालं मशीन घेऊन येता ना, तुमच्यात आणि आमच्या पाणाड्यात फरक काय ते आधी सांगा. आमच्या गावचा पाणाड्या तळहातावर नारळ धरून चालतो, पाणी आलं की नारळ उभा राहतो. पाच हजार घेतो. त्याची दहात आठ बोअर लागतात. तुमचं मॉडेल किती सांगतं?

अनुभवी_विद्यार्थी
पाणाड्यांचा डेटासेट मिळेल का? केगल या डेटा स्पर्धांच्या साइटवर टाकू.

गोदाकाठची
खिक्.

मृण्मयी_
हसण्यावारी नेऊ नका, निफाडकरांनी भारी प्रश्न विचारलाय. तुमच्या भागात कालव्याचं पाणी मुरतं. तिथे डोळे मिटून कुठेही बोअर मारलं तरी समजा दहात आठ लागत असतील, तर मग नारळाची कमाई किती? शून्य. त्याला सिन्नरच्या पूर्वेकडे किंवा येवल्याच्या वरच्या अंगाला, कोरड्या भागात न्या आणि तिथे मोजा. आधी "काहीच न करता किती जमतं" ते काढायचं, मग मॉडेल त्यापेक्षा किती वर गेलं ते पाहायचं. नव्वद टक्के अचूक म्हणून मिरवणारी अर्धी मॉडेल्स इथेच झोपतात.

निफाडचा_द्राक्षवाला
हे पाणाड्याला सांगतो. मारेल मला.

विहीर_मोजणारा
वयाने तुम्हा सर्वांपेक्षा मोठा असेन. नोकरीची सगळी वर्षं भूजलाच्या कामात गेली, आता निवृत्त. डेटा सायन्स मला येत नाही, पण डेटा कुठून येतो ते येतं. म्हणून थोडं सविस्तर.

राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत. वर्षातून चार वेळा पातळी घेतात. त्यात मे महिन्यातली उन्हाळ्याची आणि ऑक्टोबरच्या सुमाराची पावसानंतरची, या दोन सगळ्यात महत्त्वाच्या. माणूस टेप कठड्यावरून सोडतो, पाण्याला टेकली की आकडा वाचतो, त्यातून कठड्याची उंची वजा करतो आणि जमिनीपासूनची खोली लिहितो. सोपं वाटतं. आता शेतकऱ्याने मध्येच कठडा दोन फूट वाढवून बांधला आणि ते वहीत चढलं नाही, तर कागदावर त्या विहिरीचं पाणी एका रात्रीत दोन फूट खाली गेलं. मोटार चालू असताना मोजलं तर आणखी वेगळं. गडी गेलाच नाही आणि मागचाच आकडा ठोकला, तर सलग दोन नोंदी दशांशापर्यंत सारख्या. त्या शोधायला संगणक उत्तम, मी डोळ्यांनी शोधायचो.

सगळ्यात घातक म्हणजे कोरडी विहीर. रकान्यात कुणी "कोरडी" लिहितो, कुणी रेघ मारतो, कुणी विहिरीची पूर्ण खोली टाकतो, आणि टायपिंग करणारा त्याचं शून्य करतो. शून्य म्हणजे पाणी जमिनीला टेकलेलं! एका हुशार मुलाने नकाशा करून आणला होता. मे महिन्यात दुष्काळी येवल्यात पाणी वर, भरपूर पावसाच्या सुरगाण्यात खाली. मुलगा म्हणाला, "सर, मॉडेलला पॅटर्न सापडलाय."

काळा दगड, तुला हे कुणी शिकवावं लागणार नाही. त्या क्लासात शिकवणारही नाहीत.

शिळोप्या
काकांना दंडवत. वाचनखूण साठवली.

सिडकोचा_राजा
काकांचा मुद्दा मान्य. पण असं डेटा साफ करणारं कामही आमच्याकडे होतंच की. कुठल्याही क्षेत्रात सहा महिने बसलं की तिथल्या खाचाखोचा कळतात. त्यासाठी एमएस्सी लागते का? उलट कोड न येणारा भूशास्त्रज्ञ एक्सेलमध्ये अडकून राहतो, हे मी पाहिलंय.

लाव्हा_गुरुजी
राजे, सहा महिन्यांत खाचाखोचा कळतात, कारणं कळत नाहीत. मी कॉलेजात हा विषय शिकवतो, म्हणून दोन गोष्टी मांडतो.

पहिली, भूशास्त्र आणि आकड्यांचं हे लग्न नवं नाही. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत डॅनी क्रीग या इंजिनिअरने १९५१ मध्ये दाखवलं, की ज्या ब्लॉकमध्ये नमुन्यांवरून भरपूर सोनं वाटतं तिथे प्रत्यक्षात अंदाजापेक्षा कमी निघतं, आणि गरीब वाटणाऱ्यात थोडं जास्त. नमुना थोडा आणि दगड मोठा, म्हणून. त्याने आकडे दुरुस्त करायची रीत काढली. पुढे फ्रान्सच्या जॉर्ज माथेरॉनने त्यावर सिद्धांत उभा केला आणि रीतीला क्रीगचंच नाव दिलं, क्रिगिंग. डेटा सायन्स हा शब्द बाजारात येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

दुसरी, हीच रीत आपल्या दख्खनच्या बेसाल्टवर डोळे झाकून लावली की तोंडावर आपटते. दोन विहिरींच्या मधलं पाणी दोघींच्या मधोमध असेल असं ती धरून चालते. आपल्याकडे लाव्ह्याचे थर एकावर एक. वर फुटलेला मुरूम, खाली घट्ट काळा पाषाण, दोन थरांच्या मध्ये कुठे लाल बोल, म्हणजे लाल मातकट थर. पाणी बसतं ते मुरमात, भेगांत आणि थरांच्या सांध्यात. मध्येच एखादी डाईक, म्हणजे भेगेत घुसून थिजलेला लाव्हा, भिंतीसारखी आडवी गेली की एका बाजूला पाणी तुंबतं आणि दुसऱ्या बाजूची विहीर ठणठणीत. एका बांधावरच्या दोन बोअरचं नशीब वेगळं असतं, हे निफाडकर सांगतील. डाईक उपग्रहाच्या चित्रात सरळ रेघेसारखी दिसते. ती ओळखून मॉडेलला "ही भिंत आहे" असं सांगणारा माणूस लागतो, आणि तो एमएस्सीवालाच असतो.

निफाडचा_द्राक्षवाला
शंभर टक्के. चुलत्याच्या बोअरला दोन इंच पाणी, माझ्याला धुराळा. भाऊबंदकीमुळे असेल असं आजवर समजत होतो.

पंचवटीकर
थोडं अवांतर. पाण्याचं मॉडेल म्हटलं की आम्हाला गोदावरीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पुरते, पूर तिच्या कुठवर आला तेवढं बघायचं. कमरेला पाणी, छातीला पाणी, गळ्याला पाणी. २००८ असो, २०१६ असो की २०१९, अख्खं शहर त्याच मापाने बोलतं. कसला डेटा नि कसलं सायन्स!

अनुभवी_विद्यार्थी
काका, कमर-छाती-गळा हा चांगला क्रमवार डेटा आहे. पंचवटीत सेन्सर उभा आहे आणि बॅटरीपण लागत नाही.

मृण्मयी_
विनोद सोडा, यात खरंच प्रोजेक्ट आहे. वर्तमानपत्रांत दर पुराला मारुतीचा फोटो छापून येतोच. मूर्तीची उंची एकदा नीट मोजली, की जुन्या फोटोंवरून पाण्याची पातळी निघते. मात्र नुसता पाऊस घालून मॉडेल केलं तर फसेल. रामकुंडावरचं पाणी गंगापूर धरणातून किती विसर्ग सोडला त्यावर ठरतं, आणि दरवाजे किती उचलायचे ते माणूस ठरवतो. धरणाखालच्या नाल्यांचं आणि शहरातल्या सिमेंटवरून येणारं पाणी वेगळंच.

पंचवटीकर
हे मात्र बरोबर. २०१६ ला पावसापेक्षा "किती क्युसेक सोडलं" हाच प्रश्न दर पाच मिनिटांनी येत होता.

भूकंपीय
राजा यांच्या मुद्द्यावर एक जगजाहीर उदाहरण. २०१८ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक पेपर आला. मोठ्या भूकंपानंतरचे धक्के कुठे बसतील ते डीप लर्निंगने, म्हणजे अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कने, सांगायचं. जाळं सहा थरांचं, प्रत्येक थरात पन्नास न्यूरॉन, एकूण पॅरामीटर, म्हणजे डेटावरून ठरवायचे आकडे, १३,४५१. गाजावाजा भरपूर झाला. पुढच्याच वर्षी मिन्यां आणि ब्रोकार्डो या दोघांनी त्याच 'नेचर'मध्ये दाखवलं, की दोन पॅरामीटरचं लॉजिस्टिक रिग्रेशन हे साधं सूत्र तेवढंच काम करतं. तेरा हजार विरुद्ध दोन!

याचा अर्थ मशीन लर्निंग कुचकामी असा मुळीच नाही. भूकंपाच्या नोंदींतून पी आणि एस या दोन प्रकारच्या लहरी नेमक्या कधी पोचल्या ते वेचायचं काम आज न्यूरल नेटवर्क फार सुंदर करतात, माणसाच्या नजरेतून सुटलेले बारके धक्केही सापडतात. पेठ-सुरगाण्याकडे हलकासा हादरा बसला की "मेरीच्या (नाशिकच्या सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या) भूकंपमापकावर नोंद" अशी बातमी येते ना, तसल्या नोंदींसाठी हे सोन्यासारखं तंत्र आहे. पण प्रश्न कुठला आणि त्याला केवढं हत्यार लागतं हे भौतिकी कळणाराच ठरवू शकतो.

सिडकोचा_राजा
हे माहीत नव्हतं. भारी आहे. तरी मी म्हणेन, ते दोन पॅरामीटरचं रिग्रेशन लिहायलाही कोड यावा लागतो.

भूकंपीय
+१. त्याबद्दल वाद नाहीच.

काळा_दगड
एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. काका, शून्याचा किस्सा वाचून हसू आलं आणि घामही फुटला.

निफाडकर, आमच्या मशीनचं सांगतो. ते जमिनीत करंट सोडून अडथळा मोजतं. घट्ट पाषाणाला रीडिंग जास्त, पाणी भरलेल्या मुरमाला कमी. पण ओल्या काळ्या मातीलाही कमीच येतं, म्हणून नुसत्या आकड्यावर गेलो तर नारळवाल्याच्या रांगेत बसू.

आता नेमकं विचारतो. क्लास लावू की नको? आणि नसेल लावायचा तर सुरुवात कुठून?

कोमट_चहा
मी असाच एक क्लास केला. नाव घेत नाही. टायटॅनिकमध्ये कोण वाचलं, बोस्टनमधल्या घरांच्या किमती, जास्वंदीचीही नाही तर आयरिस नावाच्या फुलाची पाकळी, हेच सगळ्या बॅचला. शेवटी सगळ्यांच्या रेझ्युमेवर तेच तीन प्रोजेक्ट. मुलाखतीत समोरच्याने टायटॅनिक बघून पान उलटलं. "शंभर टक्के प्लेसमेंट साहाय्य" म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोकरीच्या लिंक. पैसे गेले ते गेले. घरी बसून अभ्यास होतच नाही, कुणीतरी हाकलायला लागतं, असा स्वभाव असेल तरच लाव.

मृण्मयी_
माझ्या मते एक लाख साठ हजार अजिबात घालू नका. पायथन आणि संख्याशास्त्र एनपीटीईएल या आयआयटीवाल्यांच्या साइटवर फुकट शिकता येतं. रिमोट सेन्सिंगचे ऑनलाइन कोर्स देहरादूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था फुकट देते. नकाशे करायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट. लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून सगळ्यांना मोफत. जीएसआयच्या (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या) भूकोश साइटवर भूशास्त्रीय नकाशे आहेत, इंडिया डब्ल्यूआरआयएस या सरकारी पाणी-माहितीच्या साइटवर विहिरींच्या पातळ्या. पायथनमध्ये तक्ते हाताळायची पांडाज लायब्ररी झाली की नकाशांसाठी जिओपांडाज आणि उपग्रह चित्रांसाठी रास्टेरिओ घ्या. संख्याशास्त्राला मात्र फाटा देऊ नका.

एक गोष्ट क्लासवाले शिकवत नाहीत. ते डेटा पत्त्यांसारखा पिसून ऐंशी टक्क्यांवर शिकवतात आणि वीस टक्क्यांवर तपासतात. जमिनीच्या डेटात शेजारचे ठिपके एकमेकांचे भाऊ. पिसले की एक भाऊ शिकवणीत, दुसरा परीक्षेत. मार्क पंच्याण्णव पडतात आणि मॉडेल दिंडोरीतून उचलून मालेगावात नेलं की नापास. म्हणून अख्खा तालुका बाजूला ठेवायचा, मॉडेलला दाखवायचाच नाही, आणि त्यावर तपासायचं. मुलाखतीत हे आपणहून बोललात ना, तर समोरचा खुर्चीत सरसावून बसतो.

लाव्हा_गुरुजी
सहमत. नैसर्गिक वायूच्या विहिरींच्या लॉगवरून (आत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदींवरून) खडक ओळखायची एक स्पर्धा २०१६ मध्ये एसईजी या भूभौतिकी संस्थेने घेतली होती. कॅन्सासमधल्या विहिरी, आणि तपासणीला न दाखवलेल्या विहिरी. पहिल्या आलेल्या टीमचाही एफ-वन स्कोअर (१ म्हणजे सगळं बरोबर) ०.६५ च्या आतच होता. सगळा डेटा आणि कोड खुला आहे. टायटॅनिकपेक्षा त्यावर हात साफ कर.

आई_एका_मुलीची
मी यातली नाही, पण माझी मुलगीही जिऑलॉजीला आहे म्हणून वाचतेय. यूपीएससीची जिओसायंटिस्ट परीक्षा असते ना? जीएसआयमध्ये किंवा केंद्रीय भूजल मंडळात कायमची नोकरी लागते. त्याचं कुणी बोलतच नाही.

विहीर_मोजणारा
ताई, बरोबर आठवण केलीत. मुलीला जरूर बसवा. जागा थोड्या, तयारी मन लावून करावी लागते. आणि तिथे गेली तरी पायथन शिकलेलं वाया जाणार नाही. आमच्या वेळी ऑफिसात क्यूजीआयएस येणारा एकच मुलगा होता, साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्याच्या टेबलापाशी.

गोदाकाठची
नाशकात नोकरी मिळते का, याचं उत्तर राहिलंच. माझ्या पाहण्यात शहरात "भूशास्त्र अधिक डेटा" अशी जाहिरात जवळजवळ नसते. पुणे, हैदराबाद, बंगळूर, नाहीतर घरून काम. शेती, पीक विमा, पाणी, खाण सल्लागार, याच वाटा. सुरुवातीला एक-दोन वर्षं बाहेर काढायची तयारी ठेव. मृण्मयीताईंना घरून जमतंय ते अनुभव झाल्यावर.

मृण्मयी_
हो, आधी हैदराबादला होते. फ्रेशरला घरून काम देणाऱ्या जाहिराती जरा जपूनच.

काळा_दगड
ठरवलं. क्लास नाही. नोकरी सोडत नाही, पावसाळ्यात तसाही रिकामा असतो. निफाड आणि सिन्नर घेतो. दहा वर्षांच्या विहिरींच्या पातळ्या, पाऊस, कालवा किती लांब, आणि हाताने काढलेल्या डाईकच्या रेघा. सिन्नर पूर्ण झाकून ठेवून तपासतो. राजा, कोड तुम्ही बघाल का? फाडून खा, चालेल.

सिडकोचा_राजा
पाठव. फाडेन, पण प्रेमाने. गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) टाक आणि काय का केलंस ते नीट लिही. पोरं तेच लिहीत नाहीत.

निफाडचा_द्राक्षवाला
आमच्या गावच्या बोअर गाडीवाल्याकडे जुनी वही आहे. किती फुटावर मुरूम, किती फुटावर लाल माती, पाणी कुठे लागलं, सगळं लिहितो. बोलून ठेवू का? गावात आलात की घरी जेवायलाच या.

लाव्हा_गुरुजी
लाल माती म्हणजे बहुतेक लाल बोल! ती वही सोडू नकोस. थरांचा सांधा फुकटात मिळतोय.

विहीर_मोजणारा
आणि दगडा, वही उतरवताना आधी विचार. गाडीवाले फुटात लिहितात, आमच्या नोंदी मीटरमध्ये. शिवाय काही गाडीवाले केसिंगच्या (बोअरमधल्या पाइपच्या) तोंडापासून मोजतात, काही जमिनीपासून. त्याला गाठून दोन-तीन बोअर समक्ष मोजून घे, मगच संगणकात घाल.